सर्व्हरची खंडेनवमी

ओव्हाळ मॅडम कुठल्याही बंद दारासमोरून नुसत्या पुढे जात नसत. जाता जाता पंजाने दार हलकेच ढकलून बघायच्या. स्टोअरचं असो, कँटीनमागच्या खोलीचं असो, नाहीतर पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या दुसऱ्याच कोणाच्या गाडीचं. दार उघडलं की त्यांचा चेहरा खुलायचा. "बघा! म्हटलं नव्हतं?" नाही उघडलं तर थोड्या हिरमुसायच्या. एकदा आम्ही ऑफिसातले काहीजण एका लग्नाला आळंदीला गेलो होतो. मंगल कार्यालयात वधूपक्षाच्या खोलीचं दार मॅडमनी सवयीने ढकललं आणि ते उघडलं. आत आहेराच्या साड्या, दागिन्यांची पेटी आणि राखणीला बसवलेले एक आजोबा, गाढ झोपलेले. मॅडमनी आजोबांना उठवलं, आतून कडी लावायला लावली, ती लागल्याची बाहेरून ढकलून खात्री केली आणि मगच अक्षता टाकायला आल्या. या बाई कोण, हे आजोबांना शेवटपर्यंत कळलं नाही. वरपक्षाकडच्या कोणी मानाच्या असाव्यात असं समजून जेवणाच्या पंगतीत त्यांनी मॅडमना आग्रह मात्र भरपूर केला.

विशाखा ओव्हाळ हे त्यांचं पूर्ण नाव. चाकणजवळ महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत त्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख होत्या. विभागात माणूस एकच, त्यामुळे प्रमुखही त्याच आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढणाऱ्याही त्याच. "माझ्या विभागाने ठरवलंय," असं त्या म्हणायच्या, तेव्हा त्यांनी चहा पिताना एकटीने ठरवलेलं असायचं. मी परभणीहून नवा नवा आलो होतो आणि ड्रॉइंगला बसायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पासवर्ड ठरवायला सांगितला. मी ठरवला. त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिलं आणि विचारलं, "बायकोचं नाव आणि लग्नाचं वर्ष ना?" मी खाली बघितलं. "भाऊ, तुमच्या लग्नाला जेवून गेलेला प्रत्येक माणूस आता तुमचा कॉम्प्युटर उघडू शकतो," त्या म्हणाल्या.

खुर्ची सोडताना स्क्रीन उघडी ठेवली तर मॅडम शिक्षा करायच्या आणि ती पोटाची असायची. त्या गुपचूप तुमच्या खुर्चीत बसत आणि तुमच्या नावाने अख्ख्या ऑफिसला मेल टाकत: 'उद्या सकाळी सगळ्यांना माझ्याकडून मिसळ.' मेल गेला की गेला. तिथे अपील नाही. या कायद्यातून प्लँट हेड देशमाने साहेबही सुटले नाहीत. ते हात धुवायला गेले आणि दोन मिनिटांत सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर साहेबांचं मिसळीचं आमंत्रण आलं. साहेब आले, त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग केबिनच्या दारात येऊन एवढंच म्हणाले, "तर्री वेगळी मागवा. मला तिखट चालत नाही." त्या दिवसापासून साहेब पाणी प्यायला उठले तरी स्क्रीन बंद करून उठायचे.

आमची कंपनी गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढायचे साचे बनवते. ज्या गाडीचं बॉनेट आम्ही करत होतो ती गाडी अजून बाजारात यायची होती, तिची ड्रॉइंग म्हणजे मोठी गुपितं. ग्राहक कंपनी ती आमच्या सर्व्हरवर ठेवायची. सामाईक कपाटच म्हणा ना. त्यांनी तिकडून फाइल ठेवायची, आम्ही इकडून काढायची. एक जरी ड्रॉइंग बाहेर फुटलं तर काम काढून घेऊ, असं करारातच लिहिलेलं होतं, आणि ते काम गेलं असतं तर कंपनीतल्या निम्म्या लोकांनी घरी बसायचं होतं.

एवढ्या मोलाच्या कपाटात आमच्या पोरांनी काय काय कोंबलं होतं! कँटीनचा मेनू, क्रिकेटच्या मॅचचे फोटो आणि सगळ्यांत वर '००_गणपती' नावाचा फोल्डर. त्यात विसर्जनाच्या मिरवणुकीतले नाचाचे व्हिडिओ. ते उघडल्या उघडल्या दिसावेत म्हणून नावाआधी दोन शून्यं. मॅडम तो फोल्डर उडवायच्या, पोरं पुन्हा टाकायची. "अरे, हे ड्रॉइंगचं कपाट आहे की माळा?" त्या ओरडायच्या. स्टोअरचा शिंदे म्हणायचा, "मॅडम, त्यात माझा नागीण डान्स आहे. तो कुठे ठेवू?"

त्यांच्या टेबलाशी 'उद्या' हा शब्द चालायचा नाही. 'उद्या करतो' म्हटलं की मघापर्यंत हसणारी बाई एकदम गंभीर व्हायची. हे काय प्रकरण आहे, असं मी एकदा डबा खाताना विचारलं. त्या भाकरीला ठेचा लावत होत्या.

"माझे वडील पिंपरीला पत्रा दाबायच्या प्रेसवर होते," त्या म्हणाल्या. "हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला जाळी बसवायची असते. जाळी आलेली होती. स्टोअरमध्ये पडून होती. पण प्रॉडक्शनची घाई, मशीन बंद कोण ठेवणार? उद्या बसवू, उद्या बसवू." त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं दुमडून दाखवली. "ही दोन गेली. जाळी दुसऱ्या दिवशी बसवली. छान बसली म्हणे." मग माझ्या डब्यात डोकावून त्यांनी विचारलं, "हे काय, शेपू? द्या थोडी." मी अर्धी भाजी त्यांच्या झाकणात वाढली.

तर नवरात्र चालू असताना ती बातमी आली. आमचं कपाट ज्या सॉफ्टवेअरवर चालायचं त्यात एक भोक सापडलं होतं. विशिष्ट पद्धतीने दार वाजवलं तर सर्व्हर पासवर्ड विचारायचाच नाही, वाजवणाऱ्याला घरचा माणूस समजून थेट आत घ्यायचा. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी हे स्वतःच जाहीर केलं होतं आणि त्यावरची दुरुस्तीही दिली होती. म्हणजे ज्यांना बसवायची त्यांना दुरुस्ती मिळाली आणि ज्यांना चोरी करायची त्यांना पत्ता मिळाला. मॅडम तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार त्यांनी ढकलूनच उघडलं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं.

"साहेब, अर्धा दिवस सर्व्हर बंद ठेवायचाय."

"मॅडम, बॉनेटची ट्रायल चालू आहे. ग्राहकाकडून तासातासाला बदल येतायत. दसरा होऊ द्या, मग काय करायचं ते करा."

"चोर दसऱ्याचा मुहूर्त बघणार आहे का? निदान बाहेरून येणारी लाइन तरी बंद करते."

"मग ते फाइल कुठे टाकणार? माझ्या डोक्यावर?"

साहेब वाईट माणूस नव्हते. पण ट्रायल चालू असली की त्यांना ट्रायलशिवाय काही दिसत नसे. मॅडम बाहेर आल्या आणि सर्व्हरवर कोण येतंय, कोण जातंय, ते बघत बसल्या. दिवसभर जागच्या हलल्या नाहीत. जेवणही तिथेच. बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तशा बसलेल्या. कोणी मध्ये बोललं की नुसता हात वर.

त्यातून वाट काढली ती तुपेमामांनी. म्हणजे मामांना पत्ता नव्हता, पण काढली त्यांनीच. तुपेमामा आमचे इलेक्ट्रिशियन, मूळचे महाळुंग्याचेच. कंपनीचं शेड ज्या जमिनीवर आहे तिथे त्यांच्या चुलत्याची ज्वारी व्हायची. वर्षभर ते वायरी जोडत, पण खंडेनवमीला कंपनी त्यांच्या ताब्यात. त्या दिवशी सगळ्या मशीन धुऊन पुसून बंद ठेवायच्या, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. कुठल्याशा वर्षी घाईत एका प्रेसची पूजा राहिली आणि पुढच्याच आठवड्यात तिचा पत्रा कापणारा पंच तुटला, तेव्हापासून साहेबही या बाबतीत मामांच्या शब्दाबाहेर नव्हते. ड्रॉइंगवाल्यांना मात्र पूजा नाही आणि सुट्टीही नाही. आमचं काम मशीनमध्ये धरत नसत.

आदल्या दिवशी मामा माळांची मोजदाद करत मॅडमच्या टेबलाशी आले.

"मामा, उद्या कुठल्या कुठल्या मशीन बंद?" मॅडमनी स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

"समद्या की. हत्यार त्या दिशी आराम करतं."

"आणि माझा सर्व्हर?"

मामा थबकले. "त्याची तं कुनी कदी पूजाच न्हाई केली."

आता मॅडमनी मान वर केली. मला त्यांच्या डोळ्यांत चमक दिसली. "नाही ना? बारा महिने चोवीस तास राबतो तो, मामा. प्रेसला सुट्टी, लेथला सुट्टी. यानेच काय पाप केलंय?"

"बराबर हाय तुमचं," मामा ओशाळून म्हणाले. "त्योबी मशीनच हाय. आमच्या ध्यानात कसं आलं न्हाई!" आणि तसेच केबिनमध्ये गेले. साहेबांना सॉफ्टवेअरला नाही म्हणता येत होतं, खंडेनवमीला नाही म्हणण्याची त्यांची टाप नव्हती. शिवाय ग्राहकाच्या कंपनीतही त्या दिवशी पूजाच. त्यांनी परवानगी दिली आणि मॅडमनी टेबलाखाली दोन्ही मुठी आवळल्या.

बेत साधा होता. पूजेआधी सर्व्हर बंद करायचा. पूजा झाली, सगळे कँटीनला गेले की बाहेरून येणारी निळी तार काढायची, सर्व्हर चालू करायचा, दुरुस्ती बसवायची आणि मग तार लावायची. सकाळी त्यांनी सर्व्हर बंद केला. पंखे थांबले तशी ती खोली एकदम ओकीबोकी वाटली. मामा माळ घेऊन आले.

"मी हात जोडणार नाही हं, मामा. माझा सण उद्या. आईला घेऊन देहूरोडच्या विहारात जायचंय," मॅडम म्हणाल्या. "पण फुलं छान आणलीत. फक्त या जाळीवर नको. त्याला श्वासाला जागा ठेवा."

"तुमी निस्त्या हुभ्या ऱ्हावा. हात मी जोडतो दोघांचे," मामा म्हणाले.

मोठ्या प्रेससमोर नारळ फोडायची वेळ झाली. साहेबांचं बोलावणं आलं. मामांची इकडची पूजा व्हायची होती, म्हणून मॅडमनी सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्यांच्या हातात दिली. अख्ख्या चाकणची दारं ढकलून बघणाऱ्या बाईंनी स्वतःच्या दाराची किल्ली आपणहून दुसऱ्याला दिली, ती एवढी एकदाच.

आमच्याकडची रीत अशी की पूजा झाली की मामा एकेक मशीन क्षणभर चालू करतात. त्याला ते 'जाग आणणं' म्हणतात. ही रीत आम्हाला सगळ्यांना ठाऊक होती, मॅडमनाही. पण ती सर्व्हरला लागू होईल, हे कोणाच्या मनातच आलं नाही, कारण त्याची पूजाच पहिली. मामांच्या मनात मात्र आलं. त्यांनी कुंकू लावलं, हात जोडले आणि बटण दाबलं. दिवे लुकलुकले, पंखे फिरले. परत बंद कुठून करायचा ते त्यांना माहीत नव्हतं. ठेवला तसाच. खोलीला कुलूप लावून, किल्ली मॅडमच्या टेबलावर ठेवून मामा जिलबी खायला गेले.

दुरुस्ती झाली की ड्रॉइंग नीट उघडतात का ते मी बघायचं होतं, म्हणून मीही मॅडमबरोबर परत आलो. जिलबीची बशी त्यांच्या हातात होती. कुलूप उघडलं आणि पंख्यांचा आवाज आला. त्यांनी बशी माझ्या हातात कोंबली, दोन ढांगांत कपाट गाठलं आणि निळी तार उपटली. मग कीबोर्ड ओढून स्क्रीनवर बघत राहिल्या. त्यांच्या मानेवर घाम आलेला मला दिसला.

"आलाय," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"पाहुणा."

आम्ही आरतीत टाळ्या वाजवत होतो तेव्हा कोणीतरी बाहेरून आत आलं होतं. स्वतःचं खातं उघडलं होतं आणि कपाटातलं सगळं, वरच्या खणापासून, उतरवून घ्यायला सुरुवात केली होती. मॅडम एकेक ओळ वाचत गेल्या. मध्येच त्यांच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. वरच्या खणात होता '००_गणपती'. व्हिडिओ हे एवढे मोठे आणि आमचं नेट बैलगाडीच्या चालीचं. ड्रॉइंग पार खाली राहिली होती. जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यात बसून एक चोर शिंदेचा नागीण डान्स नेत होता आणि तोही त्याला पुरता मिळाला नव्हता!

आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग मॅडम थांबल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ग्राहकाला सांगायला पाहिजे." माझं हसू तिथेच विरलं.

त्यांनी आधी पाहुण्याचं खातं मोडलं, दुरुस्ती बसवली, सगळं दोनदा तपासलं. मग आम्ही केबिनमध्ये गेलो. देशमाने साहेबांनी ऐकून घेतलं. कपाळावरचा कुंकवाचा टिळा त्यांच्या आठ्यांमध्ये फुटला.

"काही गेलं नाही ना? मग बोभाटा कशाला, मॅडम? काम काढून घेतील. किती घरं चालतात याच्यावर, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे, साहेब. पण दार उघडं होतं हे त्यांना माझ्याकडून कळू दे. चोराकडून कळलं तर काम जाईलच, वर तोंडही दाखवता येणार नाही."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आणि चालू कोणी केला म्हणून विचारलं तर? नाव द्यावं लागतं त्यांना. तुपेची रिटायरमेंटला दोन-तीनच वर्षं राहिलीत."

ग्राहकाची ही पद्धत आम्हाला पाठ होती. चूक झाली की ते कारण विचारतात आणि कारण सांगितलं की माणूस विचारतात. मग त्या माणसाला आमच्याकडे ठेवू देत नाहीत. मॅडमनी टेबलावरचा फोन पुढे ओढला. त्यांनी जे घडलं ते सांगितलं, न चाचरता, जसं घडलं तसं. दुरुस्ती आली होती पण बसवली नव्हती, तार काढायची राहिली, खोलीची किल्ली आपण आपल्या हाताबाहेर जाऊ दिली. मग तिकडच्या माणसाने विचारलं, "सर्व्हर चालू कोणी केला?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही, साहेबांकडे पाहिलं नाही.

"माझ्या विभागाने," त्या म्हणाल्या.

दिवाळीपर्यंत आमच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. ड्रॉइंग यायची बंद झाली. ग्राहकाची दोन माणसं येऊन सर्व्हरपाशी ठाण मांडून बसली, त्यांनी सगळं खालीवर करून पाहिलं. मॅडम त्यांना चहा द्यायच्या आणि विचारलं तेवढं सांगायच्या. शेवटी त्यांची खात्री पटली की एकही ड्रॉइंग गेलेलं नाही. तुम्ही स्वतःहून सांगितलंत म्हणून काम तुमच्याकडेच ठेवतो, असं ते म्हणाले. फक्त एक अट घातली: जबाबदार व्यक्तीने यापुढे सर्व्हरला हात लावायचा नाही. कंपनी वाचली. मॅडमकडे उरला प्रिंटर आणि हजेरीचं मशीन. ते हजेरीचं मशीनही त्यांनी महिन्याभरात असं कडक केलं की शिंदेला मित्राच्या वाटची हजेरी लावणं बंद करावं लागलं. पण मला त्यांच्याकडे बघवत नसे. संतापही येई, साहेबांचा, ग्राहकाचा, कधी कधी मॅडमचासुद्धा.

तुपेमामांना यातलं अवाक्षर माहीत नव्हतं. त्यांच्या कानावर एवढंच आलं की पूजेच्या दिवशी सर्व्हरवर चोर चालून आला आणि हात हलवत गेला. मग काय, कँटीनमध्ये त्यांचं कीर्तनच सुरू झालं. "पयली पूजा आन् पयल्याच दिशी पावला! आनखी काय पायजे?" माझ्या जिभेच्या टोकावर यायचं. मॅडमनी मला आधीच दम भरून ठेवला होता. "एक शब्द बोललात ना, भाऊ, तर तुमच्या नावाने अख्ख्या कंपनीला मटणाचं जेवण सांगेन."

पुढे त्यांना माण गावच्या आयटी पार्कात नोकरी लागली. चऱ्होलीच्या त्यांच्या घराहून ते लांब पडत होतं, पण तिथे विभागात माणसं होती. शेवटच्या दिवशी आम्ही त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो. वॉचमनच्या केबिनचं दार त्यांनी जाता जाता ढकलून पाहिलं. बंद होतं. तेवढ्यात मागून तुपेमामा भुईमुगाच्या ओल्या शेंगांची पिशवी घेऊन धावत आले.

"मॅडम, घरच्या हायेत. आईला द्या." ते धापा टाकत होते. "तुमी मानत न्हाई, ठाव हाय मला. पन त्या दिशी मी त्याला हात जोडून जाग आनली न्हसती ना, तर कंपनी बुडाली आस्ती बघा."

समोर चूक दिसली आणि ओव्हाळ मॅडम गप्प राहिल्या, असं मी कधीच पाहिलेलं नव्हतं. त्यांनी पिशवी स्कूटरच्या हुकला अडकवली. हेल्मेट घातलं, काच खाली घेतली. मग ती पुन्हा वर केली.

"खरंय, मामा," त्या म्हणाल्या. "दरवर्षी करत जा त्याची पूजा. फक्त जाग आणायच्या आधी मागची ती निळी तार तेवढी काढत जा. सर्व्हरच्या पूजेत तसं करावं लागतं."

"आसं आसतं व्हय?" मामांनी कपाळावर हात मारला. "मंग आदीच सांगायचं न्हाई का, मॅडम!"

"राहिलं खरं माझं," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी स्कूटर सुरू केली.